घरच्यांचा सिनेमा आणि गावातला पहिला खेळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बार्शी तालुक्यात आम्ही काही मित्र आणि आमच्या घरची माणसं मिळून सिनेमा करतो. त्याचे खेळ व्हायला लागल्यापासून कॉलेजातली मुलं, शिक्षक, हौशी नाटकवाले, नोकरीतून नुकतेच मोकळे झालेले काका असे बरेच जण फोन करतात. प्रश्न बहुतेक तेच असतात. फोनवर घाईत अर्धवट सांगण्यापेक्षा उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहिलं आहे.

मोठा निर्माता नसताना, घरच्याच माणसांवर सिनेमा होतो का?

होतो. आपल्याकडे सिनेमाची सुरुवातच तशी झाली आहे. दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' करत होते तेव्हा सरस्वतीबाई युनिटचा स्वयंपाक सांभाळून फिल्म धुण्याच्या कामातही हात लावत होत्या. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांनी लुगडं नेसून ती भूमिका केली. ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरमध्ये तो लोकांसमोर आला.

जवळचं उदाहरण मालेगावचं. यंत्रमागांच्या त्या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० साली मित्रांना घेऊन 'मालेगाव के शोले' केला. ट्रॉलीच्या जागी सायकल आणि क्रेनच्या जागी बैलगाडी, अशी त्यांची सामग्री. आसाममध्ये रीमा दास यांनी आपल्याच छयगावात, गावातल्या मुलांना घेऊन 'व्हिलेज रॉकस्टार्स' केला. लेखन, दिग्दर्शन, कॅमेरा, संकलन सगळं स्वतः, मदतीला चुलत बहीण. २०१८ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी भारताकडून तो ऑस्करला गेला.

या तिघांनीही आपल्या अंगणात जे होतं त्यावर गोष्ट बेतली. तुम्हीही तिथूनच सुरू करा. काकांचं किराणा दुकान आहे, मित्राचा टेम्पो आहे, आत्याचा जुना वाडा अजून उभा आहे, तर गोष्ट त्या दुकानात, टेम्पोत आणि वाड्यात घडू द्या. आधी गोष्ट लिहून मग हॉस्पिटल आणि कोर्ट शोधत फिरलात, तर पैसे तिथेच संपतात.

किती खर्च येतो?

एकच आकडा सांगितला तर तो तुमच्या कामाचा नसेल. कुठे येतो ते सांगतो. जेवण आणि चहा, गाड्यांचं डिझेल, साउंड रेकॉर्डिस्टचं मानधन आणि सामान, हार्ड डिस्क, शेवटी मिक्सिंग (सगळे आवाज एकत्र बसवणं), कलर (शॉटचे रंग जुळवणं), सेन्सॉर आणि डीसीपी, म्हणजे थिएटरात लावायची डिजिटल प्रत. यातलं शेवटचं सगळं शूट संपल्यावर लागतं, आणि नेमके तेव्हाच हातात पैसे नसतात. निम्मे पैसे पोस्टसाठी, म्हणजे शूटनंतरच्या या कामांसाठी, बाजूला काढून मगच नारळ फोडा. ते वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड दिग्दर्शकाकडे देऊ नका.

हार्ड डिस्कवर काटकसर नको. १०० एमबीपीएसने (म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट) शूट केलं तर तासाला साधारण ४५ जीबी डेटा होतो. वीस तासांचं फुटेज झालं की ९०० जीबी. त्याच्या दोन प्रती रोज रात्री, वेगवेगळ्या डिस्कवर, आणि त्या दोन वेगवेगळ्या घरांत. दोन्ही प्रती उघडून बघितल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही.

कॅमेरा कोणता घ्यावा?

मित्राकडे असेल तो. विकत घेऊ नका. मॅन्युअल सेटिंग करता येणारा चांगला फोनही चालतो. एक मात्र पहिल्याच दिवशी ठरवा: थिएटरसाठी करायचा असेल तर सेकंदाला २४ फ्रेम्स, आणि तेच शेवटपर्यंत. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० सेकंद ठेवा. ट्यूबलाइटखाली फडफड दिसत नाही. उजेडासाठी दोन थर्माकोलच्या शीट, एक काळं कापड आणि सकाळ-संध्याकाळचं ऊन यांवर अर्धा सिनेमा निघतो.

आवाजाचं सगळेच का सांगतात?

कारण घरच्यांच्या सिनेमात प्रेक्षक हललेली फ्रेम चालवून घेतो, पण वाक्य ऐकू आलं नाही की तो शेजारच्याशी बोलायला लागतो. आणि हौशी नटाला डबिंग जमत नाही. शूटच्या वेळी मावशी जे वाक्य सहज बोलून गेली, तेच बंद खोलीत हेडफोन लावून बोलताना तिच्या तोंडून पाठांतर निघतं. त्यामुळे आवाज जागेवरच मिळायला हवा.

युनिटमध्ये एकच माणूस पगारी घेता येणार असेल तर तो साउंड रेकॉर्डिस्ट असावा. तेही जमलं नाही तर दोन लेपल माइक (कपड्याला लावायचे छोटे माइक), एक बूम (काठीवरचा माइक), वाऱ्यासाठी केसाळ कव्हर आणि छोटा रेकॉर्डर भाड्याने आणा, आणि सतत हेडफोन लावून बसणारा एक शांत स्वभावाचा मित्र नेमा. त्याने "आवाज आलाय, परत" म्हटलं की परत घ्यायचं, दिग्दर्शकाला कितीही घाई असो.

आमच्या भागातले शत्रू ठरलेले आहेत. गळीत हंगामात, म्हणजे नोव्हेंबरपासून पुढे, उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून रस्त्यावरून जातात आणि एक ट्रॅक्टर पूर्ण ऐकू येईनासा व्हायला बराच वेळ लागतो. शेतीची लाइट दिवसा असेल त्या आठवड्यात चारी बाजूंनी मोटारी चालू असतात. रात्रपाळीच्या आठवड्यात शेतातले दिवसाचे सीन लावा. खळ केलेली साडी लेपलला घासून करकरते, मऊ जुनी नेसायला सांगा. काचेच्या बांगड्या संवादावर वाजतात, पण म्हणून त्या काढायच्या नाहीत. त्या बाईच्या हातात त्या असणारच. संवादाच्या वेळी हात स्थिर राहील असं काम तिला द्या. प्रत्येक जागेवर पॅकअपच्या आधी सगळ्यांना गप्प उभं करून मिनिटभर नुसती शांतता रेकॉर्ड करा. एडिटला तुकडे जोडताना ती लागतेच.

नातेवाइकांना अभिनय येत नाही, मग?

त्यांना अभिनय करायला सांगू नका. काम करायला सांगा.

आमच्या एका मित्राच्या आईला एक अवघड वाक्य होतं, मुलाने परस्पर जमीन विकल्याचं तिला कळलंय आणि ती त्याला फक्त "जेवून जा" म्हणते. कॅमेऱ्यासमोर उभं केलं की त्या ताठ व्हायच्या. मग चूल खरोखर पेटवली, परातीत ज्वारीचं पीठ दिलं आणि भाकरी थापायला सांगितल्या. तव्यावरची भाकरी उलटताना, तिच्यावर पाणी फिरवताना, डोळे मुलाकडे न वळवता त्यांनी ते वाक्य टाकलं. भाकरी करपू नये ही काळजी खरी होती, त्यामुळे बाकीचंही खरं वाटलं. तोच टेक सिनेमात आहे.

त्यामुळे नटाच्या हातात रोजचं काम द्या. संवाद पाठ करायला न देता प्रसंग सांगा आणि त्यांच्या बोलीत बोलू द्या. आमच्याकडचे लोक "कुठं निघालास" म्हणतात, त्याचं "कुठे निघालास" करायची गरज नाही. रिहर्सल घरात, चहा पिताना करा. चटईवर बसून कागद वाचायला लावलात की सगळे शाळेतल्यासारखे वाचतात. पहिल्या टेकलाही कॅमेरा चालू ठेवा, हौशी माणसाचा पहिला टेक बहुतेक वेळा सगळ्यांत चांगला असतो. सगळ्यांत महत्त्वाचं, नटाला चारचौघांत सुधारू नका. भाऊजींना त्यांच्या मेव्हण्यांसमोर "तुमचं जमत नाहीये" म्हटलं, तर ते दुसऱ्या दिवशी येणार नाहीत आणि त्यांचं बरोबरच असेल.

पैसे देता येत नसतील तर माणसांना काय द्यायचं?

वेळेवर जेवण, जाण्यायेण्याची सोय, आणि ठरलेल्या वेळेला घरी सोडणं. हा सिनेमा त्यांच्या सवडीवर उभा आहे, म्हणून त्या सवडीचा हिशोब पैशासारखाच चोख ठेवायचा. सकाळी सहाचा कॉल दिला तर दिग्दर्शक पावणेसहाला तिथे हवा. नाश्त्याला रोज पोहे असतील तर तिसऱ्या दिवशी चेहरे पडतात. एक दिवस उप्पीट, एक दिवस धपाटी करा. आणि स्वयंपाक करणाऱ्या काकू-वहिनींना "घरच्याच आहेत" म्हणून गृहीत धरू नका. त्यांचं नाव श्रेयनामावलीत विभागप्रमुख म्हणून येतं, मदतीला दोन माणसं पगारी लावायची, आणि त्यांना सीनही बघायला मिळाला पाहिजे.

घरच्यांशी लेखी करार कशाला?

नातं टिकावं म्हणून. दोन पानं पुरतात: माझं काम आणि आवाज या सिनेमात वापरायला माझी हरकत नाही, मानधन इतकं किंवा नाही, पुढे पैसे आले तर वाटा असा. खाली सही आणि तारीख. ज्या मित्राने पैसे घातलेत त्याच्याशी वेगळा कागद, त्यात स्पष्ट लिहायचं की हे कर्ज आहे, भागीदारी आहे की मदत. गोष्ट लिहिणाऱ्याकडून आणि गाणं करणाऱ्याकडून हक्कांचा कागद शूटच्या आधी घ्या. घर, दुकान, शेत दिलेल्यांकडूनही साधी एनओसी घ्या. पुढे सेन्सॉर, फेस्टिव्हल, ओटीटी, कुठेही गेलात तरी मालकी कुणाची हा पहिला प्रश्न असतो.

सगळ्यांच्या तारखा जुळत नाहीत.

जुळणार नाहीत, म्हणून सलग शेड्यूलचा हट्ट सोडा. सुगी, परीक्षा, लग्नसराई, गणपती, वारी हे आधी कॅलेंडरवर मांडा, उरलेल्या शनिवार-रविवारांवर शूट बसवा. मधे महिने जातात, म्हणून कंटिन्युइटी जपणारी एक व्यक्ती हवी. ती प्रत्येक सीननंतर फोनवर फोटो काढते: दाढी केवढी, टिकली कुठली, बाटलीत पाणी किती. मुख्य पात्राच्या कपड्यांचे दोन जोड शिवून कपाटात कुलूपबंद ठेवा. नाहीतर तो शर्ट कुणीतरी लग्नाला घालून जातो.

लहान मुलं आणि जनावरं असतील तर?

दोन्हीसाठी कायदा आहे आणि मूल आपलंच आहे, बैल आपलाच आहे म्हणून तो सुटत नाही. बालकलाकारासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, शाळा बुडू द्यायची नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. मुलाला मिळणाऱ्या पैशातले किमान २० टक्के त्याच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचे. हे नियम मुलांच्या भल्याचे आहेत, मनापासून पाळा.

बैल, शेळी, कुत्रा गोष्टीत असेल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे शूटच्या आधी अर्ज करा. मंडळाचा कागद नसला की सेन्सॉरचं काम अडतं.

कुठल्या परवानग्या लागतात?

गावात ग्रामपंचायतीला आणि पोलिस ठाण्याला लेखी कळवा, पोच घ्या. देवळात देवस्थान समिती, एसटी स्टँडवर महामंडळ, रेल्वेत रेल्वे, संरक्षित किल्ल्यावर पुरातत्त्व खातं. सरकारी जागांसाठी राज्यात एक खिडकी योजना आहे, ती गोरेगाव चित्रनगरीच्या महामंडळामार्फत चालते. ड्रोन उडवणार असाल तर २०२१ चे ड्रोन नियम वाचा. ज्याच्या ड्रोनची नोंदणी आहे आणि ज्याच्याकडे पायलटचं प्रमाणपत्र आहे अशाच ऑपरेटरला बोलवा.

जुनं गाणं किंवा अभंग वापरता येईल का?

लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी शब्द मोकळे होतात. तुकोबांचा अभंग तुमचाच आहे, मनसोक्त वापरा. पण त्याला एखाद्या आधुनिक संगीतकाराने लावलेली चाल आणि एखाद्या कंपनीने काढलेलं रेकॉर्डिंग यांचे हक्क वेगळे असतात. तोच अभंग गावातल्या भजनी मंडळाकडून, त्यांच्या पारंपरिक चालीत, टाळ-पखवाजासह देवळात रेकॉर्ड करा. आजीच्या जात्यावरच्या ओव्या तिच्याच आवाजात घ्या. कुठल्याही स्टुडिओत मिळणार नाही असं ते संगीत असतं आणि मला ते सिनेमातल्या सगळ्यांत मोलाच्या गोष्टींपैकी वाटतं.

मागे चालू असलेला टीव्ही, वरातीतला डीजे, फोनची रिंगटोन यांतली गाणीही मोजली जातात. शूटच्या वेळी बंद ठेवा, नंतर आपलं संगीत भरा.

एडिट कधी संपतो?

नोकऱ्या सांभाळून करणाऱ्यांनी शूटच्या दुप्पट वेळ धरावा. रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जोडणी, घरच्यांना दाखवू नका, ते फक्त स्वतःला शोधतात. ज्यांचा सिनेमाशी संबंध नाही अशा पाचसहा जणांना दाखवा, त्यांनी फोन कधी बाहेर काढला ते लिहून ठेवा आणि तिथे कात्री लावा. आत्याचा सीन कापायचा असेल तर प्रीमियरच्या आधी तिच्या घरी जाऊन सांगा.

सेन्सॉर लागतंच का?

लोकांना जाहीरपणे दाखवायचा असेल तर हो, तिकीट असो वा नसो. १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा आहे, अर्ज ऑनलाइन होतो आणि आपल्याला मुंबईचं कार्यालय लागतं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या सिनेमाच्या) प्रमाणपत्राचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आणि दहा वर्षांची मुदत जाऊन प्रमाणपत्र कायमचं झालं. फेस्टिव्हलमधल्या खेळांसाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून वेगळी सूट घेतात, ते काम आयोजक बघतात.

आजोबांच्या तोंडात विडी असेल तर लक्षात ठेवा: सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर तंबाखूविरोधी चित्रफीत, आणि तो सीन चालू असेपर्यंत खाली इशारा द्यावा लागतो. विडी गोष्टीसाठी खरोखर हवी असेल तर ठेवा. नुसती सवयीने आली असेल तर हातात अडकित्ता द्या, छान दिसतो.

प्रीमियर कुठे करायचा?

जिथे शूट केलं त्याच्या जवळात जवळ. पुण्या-मुंबईच्या मल्टिप्लेक्समध्ये पहिला खेळ लावला की गावातली म्हातारी माणसं, ज्यांनी घर दिलं, बैल दिले, ती येऊच शकत नाहीत. त्यांनी आधी बघितला पाहिजे, हे आम्ही कधीच सोडत नाही.

तालुक्याला चालू थिएटर असेल तर सकाळचा खेळ भाड्याने मिळतो, कारण तेव्हा पडदा रिकामा असतो. तिथे डीसीपी लागेल, किंवा ते थिएटर ज्या कंपनीच्या सर्व्हरवर चालतं तिच्या पद्धतीने फाइल द्यावी लागेल. बुकिंगच्या आधी हे विचारा. दोन दिवस आधी रात्रीचा शेवटचा खेळ संपल्यावर पहिली दहा मिनिटं, मधली पाच आणि शेवटची श्रेयनामावली लावून बघा. तुम्ही शेवटच्या रांगेत बसा, मित्राला पहिल्या रांगेत बसवा.

नाट्यगृहात करायचा असेल तर स्पीकर रंगमंचावरच्या माणसासाठी लावलेले असतात, आवाज घुमतो. ५.१ (थिएटरातल्या चहूबाजूंच्या स्पीकरसाठीचा मिक्स) सोबत वेगळा स्टिरिओ मिक्स करून न्या, त्यात संवाद थोडे वर ठेवा. लॅपटॉपवरून लावणार असाल तर इंटरनेट, नोटिफिकेशन, स्क्रीनसेव्हर बंद; चार्जर लावलेला; आणि शेजारी दुसरा लॅपटॉप तीच फाइल घेऊन तयार. जनरेटरची सोय हॉलवाल्याच्या शब्दावर सोडू नका, चालू करून बघा.

मोकळ्या मैदानात करायचा तर मंडपवाल्यांकडे लग्नाचे आणि सभांचे एलईडी वॉल असतात. जवळून त्याचे ठिपके दिसतात, म्हणून पहिली रांग लांब ठेवा. पोलिस परवानगी घ्या, आणि दहानंतर लाउडस्पीकर बंद करावा लागतो, तेव्हा अंधार पडल्यापडल्या सुरू करा. पुढाऱ्यांची भाषणं सिनेमाच्या आधी ठेवलीत तर दहापर्यंत सिनेमा संपत नाही. सत्कार सगळे नंतर, आणि त्यात पहिला नारळ स्वयंपाकाच्या टीमला.

तिकीट ठेवावं का?

ज्यांनी काम केलं आणि ज्यांनी जागा दिली त्यांना, घरच्यांसह, मोफत. बाकीच्यांना ठेवावं. पन्नास रुपये देऊन आलेला माणूस शेवटपर्यंत बसतो आणि मत देण्याचा त्याला हक्क वाटतो. पेटी ठेवून "स्वेच्छेने द्या" म्हणण्यापेक्षा हे सरळ आहे.

गावात आधी दाखवला तर फेस्टिव्हलवाले घेत नाहीत म्हणे?

काही मोठे फेस्टिव्हल पहिल्याच खेळाचा हट्ट धरतात, सगळे नाही. ज्यांचा विचार आहे त्यांचे नियम वाचा आणि काम केलेल्यांसाठीचा आमंत्रितांचा खेळ चालतो का ते मेल करून विचारा. पुण्याचा पिफ सहसा जानेवारीत असतो, गोव्याचा इफ्फी नोव्हेंबरमध्ये. अर्ज बरेच महिने आधी बंद होतात, म्हणजे एडिटची तारीख तिथून मागे मोजा. इंग्रजी सबटायटल चांगल्या माणसाकडून करून घ्या. बोलीतली शिवी, नातं, पिकाचं नाव यांची जाण नसलेल्याने केलेल्या सबटायटलने आमच्या ओळखीचे चांगले सिनेमे पडले आहेत.

श्रेयनामावलीत नावं कशी लावायची?

ज्या नावाने गाव ओळखतं त्या नावाने. प्रत्येकाला त्याचं नाव कागदावर लिहून दाखवा आणि त्याच्याकडून तपासून घ्या; बाईंना माहेरचं लावायचं की सासरचं हेही त्यांनाच विचारा. पाट्या सावकाश जाऊ द्या आणि थिएटरवाल्याला सांगून ठेवा की शेवटची पाटी जाईपर्यंत दिवे लावायचे नाहीत.

यूट्यूबवर कधी टाकावा?

फेस्टिव्हल आणि खेळ संपल्यावर. एकदा टाकला की तिकीट काढून कुणी येत नाही. त्याआधी आसपासच्या तालुक्यांत, कॉलेजांत, फिल्म सोसायट्यांत आणि बाहेरगावच्या महाराष्ट्र मंडळांत विचारून बघा.

सगळं झाल्यावर काय जपून ठेवायचं?

मूळ फुटेज, एडिटचा प्रोजेक्ट, संवाद-संगीत-इफेक्ट यांचे सुटे ट्रॅक, सबटायटलशिवायची स्वच्छ प्रत, डीसीपी, सेन्सॉरचं प्रमाणपत्र आणि सगळ्या सह्यांचे कागद स्कॅन करून. दोन डिस्क, दोन गावांत. सहा महिन्यांतून एकदा दोन्ही लावून फाइल उघडते का ते बघा आणि हे काम कोण करणार त्याचं नाव आत्ताच ठरवून डिस्कच्या डब्यावर लिहा.